नातेवाइकांचं बाकडं

अंगणात चपला काढायच्या आतच राजनंदिनीच्या हातात पिठाची वाटी आली.

“हात धू नि बस, नंदाबाय,” तिची वहिनी बयाबाई म्हणाली. “लोकांची मनं मागनं तपास. आधी फेण्या.”

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तांदळाच्या फेण्या वाफवून उन्हात वाळत घालायच्या, हा पळसकोंडच्या उतेकरांच्या घरातला बयाबाईचा कायदा. मुंबईची माणसं सणाला आलेली असतात, ती पळून जायच्या आत त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, एवढाच त्यामागचा धर्म. राजनंदिनी मात्र फेण्यांसाठी आली नव्हती. सकाळी सात वाजता पुतण्याचा, भरतचा फोन आला होता. “आत्या, इमर्जन्सी आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही. निघ.” ती अलिबागहून निघाली. महाडात चवदार तळ्याकडे चाललेल्या गर्दीत एसटी तासभर एका जागी उभी राहिली. पोलादपूरपासून पुढे जीपमध्ये कुणाच्या तरी गॅस सिलिंडरवर पाय ठेवून बसावं लागलं. एवढं करून पोचली, तर इमर्जन्सीवाला मांडवाखाली पाय पसरून मोबाइल बघत बसलेला.

“झालंय काय? आणि कुणाला?”

“काकाला,” भरत म्हणाला. “आणि काय झालंय ते हिला ठाऊक आहे. पण ही मूग गिळून बसलीय.”

ही म्हणजे श्रुतिका, भरतची धाकटी बहीण. वय पंचवीस. आठ महिन्यांपूर्वी पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात करारावर समुपदेशक म्हणून लागलेली. ती वाफवलेल्या ताटलीवरून फेणी सोडवत होती. इतक्या हलक्या हाताने, की जणू कुणाच्या जखमेवरची पट्टी काढते आहे. तिने मान वर केली नाही.

ओट्यावर राजनंदिनीचे थोरले भाऊ, भरतचे वडील मालोजी काठी घेऊन कावळ्यांवर पहारा करत बसले होते. “काय गो नंदे, महाडात गर्दी होती काय?”

“होती दादा. वीस मार्च ना आज.”

“हां, हां.” मालोजींनी एका निरपराध कावळ्यावर काठी उगारली.

भरत सरसावून बसला. “ऐक आत्या. गेले चार महिने काका दर मंगळवारी पोलादपूरला जातो. बीपी दाखवायला म्हणून. रांगेत उभा राहतो, बीपी काढून घेतो, आणि मग हिच्या खोलीत जाऊन अर्धा अर्धा तास बसतो. दार लावून.”

“तुला कुणी सांगितलं?”

“जीपवाल्यानं.”

“मग आत काय बोलतो तेही जीपवाल्यालाच विचार,” श्रुतिका म्हणाली.

काका म्हणजे चांगू. मालोजींच्या पाठचा, राजनंदिनीच्या आधीचा. महाड डेपोत बत्तीस वर्षं कंडक्टर. बायको आधीच गेली, मूलबाळ नाही, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि भावाच्या घरी परतला. आज सकाळीच तो पुरणपोळ्यांचा डबा घेऊन महाडला गेला होता. उद्या ईद, आणि गनी ड्रायव्हरबरोबर त्याने चौदा वर्षं एका गाडीवर काढलेली. ईदेच्या आदल्या दिवशी गनीकडे डबा पोचवायचा, हे त्याच्या मते नोकरीतच मोडत होतं. तो घरात नाही हे बघूनच भरतने दरबार भरवला होता.

“करतो काय पण तो?” राजनंदिनीने विचारलं.

“स्टॉप पुकारतात भावोजी,” बयाबाई म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हंजे यष्टीत पुकारतात तसं. सकाळी दोघं भाव शेताकडं निघतात. पऱ्याचं पाणी आलं की भावोजी वरडतात, ‘पऱ्या! पऱ्यावाले चला, डावीकडं!’ पुढं गेलं की ‘मोठा कातळ! कातळवाले सांभाळून!’ अख्खं कोंड हसतंय. पोरं मागनं तिकीट मागतात.”

“आणि मला घंटी दिल्याबिगर उठू देत नाय,” मालोजी ओट्यावरून म्हणाले. “च्या झाला की ताटलीवर चमचा मारतो. टण टण. मंग बोलतो, जाऊ द्या!” ते खदाखदा हसले. “बैल झालाय माझा.”

“काकानं वाटेवरच्या झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे मारलेत ते सांग ना, आई,” भरत म्हणाला. “मी नेटवर वाचलंय, आत्या. काही माणसं निवृत्त झाली तरी नोकरीतून बाहेरच पडत नाहीत. रविवारी मी जातोय, त्याला घेऊनच जातो. आईही घेऊन जा म्हणते. वसईला मोठा डॉक्टर आहे. दाखवू, राहू दे तिकडेच माझ्याकडे. इथं डोंगरात कुठं भलतीकडे गेला तर?”

“काकाला कुठेही नेऊ नकोस,” श्रुतिका म्हणाली.

“का?”

“सांगता येणार नाही.”

“बघ! नेऊ नको म्हणते, का ते सांगत नाही. ही दवाखान्याची नोकरी आहे की सीआयडीची? श्रुते, घरातल्या माणसाचं घरात सांगायचं नसेल तर तुझ्या नोकरीचा घराला उपयोग काय?”

“तेच मी हिला वीस वर्षं विचारत होतो,” मालोजींनी काठीने राजनंदिनीकडे दाखवलं. “सुई नाय, गोळी नाय, नुसतं ऐकायचं. आपल्याकडं ऐकायला बायका नव्हत्या काय? पण आता कामाला येईल. नंदे, तू तिची साहेब ना? तू विचार. साहेबाला सांगायलाच लागतं.”

सगळ्यांनी राजनंदिनीकडे पाहिलं. जिल्ह्याच्या इस्पितळातली मानसशास्त्रज्ञ, एकोणतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन महिने बाकी. इतक्या वर्षांत या घराने तिच्या विद्येवर टाकलेला हा पहिलाच विश्वास होता. आणि खरं सांगायचं तर तिलाही आत काय चाललंय ते ऐकायची ओढ लागलीच होती. ऐकण्याची नोकरी करणाऱ्या माणसाइतकं चौकस दुसरं कोणी नसतं. ते फक्त पदवीखाली झाकलेलं असतं.

श्रुतिका ताटल्या धुवायला मागच्या दारी गेली, तशी राजनंदिनी पदर खोचून तिच्या मागे गेली.

“किती गं घासशील? आरसा करायचाय का?”

“आत्या म्हणून आलीस की मॅडम म्हणून?”

“मॅडम म्हणून समज.”

“मॅडमना महिन्याचा तक्ता पाठवलाय. त्यात नाव नसतं, नंबर असतो.”

“बरं, आत्या म्हणून.”

“नातेवाइकांना सांगायचं नाही, हे आत्यानंच शिकवलंय.”

राजनंदिनीने दगडावर बसून घेतलं. पोरीला शाबासकी दिली असती तर ती डोक्यावर बसली असती, म्हणून तिने नुसती एक ताटली उचलून पुसायला घेतली.

“त्याला विचारलंस? घरात सांगू का म्हणून?”

“दोनदा. नाही म्हणतो. म्हणतो, तू बोललीस तर पुन्हा या खोलीत पाय ठेवणार नाही, आणि कोंडातलं दुसरं कोणीही ठेवणार नाही.”

“जिवाला काही धोका?”

“असता तर त्याच दिवशी तुला फोन केला असता. नियम येतात मला.” एवढं ठसक्यात बोलून झालं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “पण आत्या, रविवारी त्याला नेलं ना, तर वाईट होईल. खूप वाईट. मी एक वाक्य बोलले तर ते थांबेल. एकच. आणि ते बोलायचा हक्क मला नाही.” ती मनगटाने डोळे पुसत होती, हाताला राख होती, ती गालाला लागली. “बाकीच्या पोरींची पहिल्या वर्षाची अडचण काय असते? खोलीत पंखा नाही. माझी बघ.”

राजनंदिनीला स्वतःचं पहिलं वर्ष आठवलं. पंखा तिच्याकडे होता. अक्कल नव्हती. अशाच एका सुट्टीला घरी आलेली असताना चहाच्या वेळी तिने एक गंमत सांगितली होती, नाव न घेता. एक बाई म्हणे कुणी आलं-गेलं नसताना दिवसातून सात वेळा उंबरा धुते. बयाबाईने बशीतला चहा फुंकत लगेच ओळखलं होतं, “ही तर वरच्या कोंडातली.” नाव न घेऊन काय होतं? या डोंगरात उंबरे किती, नि माणसं किती. ती बाई पुन्हा आली नाही. नंतरच्या वर्षांत चार वेळा पोलादपूरच्या स्टँडवर दिसली, आणि चारही वेळा तिने तोंडावरून पदर ओढून घेतला. राजनंदिनीने तेव्हा कानाला खडा लावला. मधली वर्षं शिबिरांत, तक्त्यांत आणि ‘मॅडम, आकडा कमी आहे’ यात गेली. तळीयेत दरड कोसळली तेव्हा ती तुकडीबरोबर गेली होती. तीन दिवस तिने तिथे कुणाला एक प्रश्न विचारला नाही, चहाचे पेले दिले आणि शेजारी बसून राहिली. आपण केलेलं सगळ्यात बरं काम तेच, असं तिला अजून वाटे. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

“रडू नकोस,” ती म्हणाली. “मी विचारत नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघते.”

“काय बघणार?”

“भरतकडे काहीतरी पुरावा असणार. मुंबईचा माणूस आहे, मोबाइल बाहेर काढल्याशिवाय राहिला असेल होय?”

होताच. कालच पाडव्याला सकाळी भरतने दोघांच्या मागून जाऊन चित्रीकरण केलं होतं. त्याने मोठ्या उत्साहाने ते लावलं. बयाबाई हातातली पळी घेऊन आली, मालोजीही ओट्यावरून वाकून बघू लागले.

छोट्याशा पडद्यावर चांगू तरातरा पुढे चाललेला. खांद्याला जुनी चामड्याची पिशवी. “चला चला, पुढं सरका! पऱ्या! पऱ्यावाले, डावीकडं!” मागून एका पोराचा आवाज, “एक हाफ द्या हो मास्तर!” भरत हसून हसून लाल झाला. मालोजीही हसले. “काय पण नखरे!”

“पुन्हा लाव,” राजनंदिनी म्हणाली.

या वेळी तिने चांगूकडे पाहिलं नाही. एकोणतीस वर्षांत ती एवढं शिकली होती, की बोलणारा एक असतो आणि दुखणारा पुष्कळदा दुसराच. चांगूच्या मागे दहा पावलांवर मालोजी होते. पऱ्याशी वाट दोन अंगांना फुटते. तिथे मालोजी थांबले. काठी टेकून. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. ज्या वाटेवरून पन्नास वर्षं बैल, नांगर, भाताचे भारे आणि एकदा पाठीवर तापानं फणफणलेली राजनंदिनी नेली, त्या वाटेकडे ते परक्या गावच्या पाहुण्यासारखे बघत उभे होते. तोंडावर काही नव्हतं. वाट बघणं तेवढं होतं. मग हाक आली, “डावीकडं!” आणि मालोजी डावीकडे वळले, नेहमीच्या ऐटीत.

पडद्यावर सगळं मिळून चार-पाच सेकंद. घरातल्या कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं, कारण पुढे एक माणूस ओरडत होता. तो ओरडत होताच मुळी त्यासाठी.

“काय गो नंदे,” ओट्यावरून मालोजींनी विचारलं, “महाडात गर्दी होती काय?”

“होती दादा,” राजनंदिनी म्हणाली. तिने श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिकाने फेणीकडे पाहिलं. तेवढ्यात दोघींचं सगळं बोलणं झालं, आणि कुणाचाही शब्द मोडला नाही.

राजनंदिनी चुलीपाशी गेली. बयाबाई ताटलीवर पीठ पसरत होती. धूर डोळ्यात जात होता म्हणून की काय, तिने तोंड फिरवलेलं होतं.

“वहिनी, कधीपासनं?”

“काय कधीपासनं?”

“वहिनी.”

बयाबाईने ताटली वाफेवर ठेवली, झाकण घातलं आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिली. “गणपतीपासनं,” ती म्हणाली. “आरती चाळीस वरसं तेच म्हणतायत. ह्या गणपतीत मधीच थांबले. पुढचं येईना. मी टाळ एवढा जोरात वाजवला, की चुलत जाऊबाय बोलली, बयाक्काच्या अंगात आलं.”

राजनंदिनीला हसू आलं. “म्हणजे तुला चांगूदादाचं पुकारणं कशासाठी ते ठाऊक आहे. आणि तरी भरतला म्हणतेस, घेऊन जा?”

“मंग काय करू? रोज सकाळी कोंडातनं वरडत जायचं. आज हसतायत. उद्या एखादा शाणा विचारील, कशापायी वरडतो? मंग ह्यांच्याकडं बघतील. भावोजी गेले की आवाज बंद. ह्यांना शेतावर मी नेईन.”

“त्या गुडघ्यांनी? पऱ्या ओलांडून?”

बयाबाईने चुलीत लाकूड सारलं.

“दादाला कुणी येडा म्हटलेलं तुला बघवत नाही. चांगूदादाला म्हटलेलं बघवतं?”

“तू तुझ्या खोलीत असंच बोलतेस काय गो माणसांशी?” बयाबाईने झाकण काढलं. “कोण येत असंल तुझ्याकडं?” पण ताटलीवरून सोडवताना ती फेणी मधोमध फाटली.

चांगू परतला तेव्हा उन्हं कलली होती. हातात गनीने दिलेला खजुराचा डबा, शर्टाच्या खिशाला पेन, चालण्यात अजून गाडीचा हेलकावा. अंगणात सगळे एकत्र आणि एकदम गप्प बघून तो जागीच थांबला.

“काय रे? अख्खी गाडी एकाच स्टॉपला?”

“काका, बस,” भरत म्हणाला. “तुझ्याशी बोलायचंय. रविवारी तू माझ्याबरोबर मुंबईला येतोयस. डॉक्टरला दाखवायला. आम्हाला सगळं कळलंय, मंगळवारी तू कुठं जातोस ते.”

चांगूने आधी श्रुतिकाकडे पाहिलं. तिच्या गालावर राख होती आणि डोळे सुजलेले. तिने एकदाच, किंचित मान हलवली, नाही म्हणून. मग त्याने मालोजींकडे पाहिलं. ते काठीच्या टोकाने जमिनीवर काहीतरी ओढत होते. चांगू मोकळेपणाने हसला आणि खाली बसला.

“कळलं ना? बरं झालं. सरकलंय माझं डोसकं. बत्तीस वरसं आंबेनळी घाटात गाडीच्या उलटं उभं राहून तिकिटं फाडलीत, सरकणार नाय तर काय? येतो मुंबईला. खिडकी पायजे फक्त.”

“काका!” श्रुतिका म्हणाली.

“तू गप. तुझा काय संबंध? बीपीवाली तू.”

राजनंदिनीने ठरवलं, की आता जन्मात पहिल्यांदा या घरात मॅडमचा आवाज लावायचा. काय वाटेल ते सांगायचं, मोठी मोठी नावं घ्यायची, पण याला इथून हलू द्यायचं नाही. तिने घसा साफ केला. “हे बघ भरत, वैद्यकीयदृष्ट्या पाहिलं तर चांगूदादाची जागा बदलणं…”

“तो गेला तर मला शेतावर कोण नेणार?” मालोजी म्हणाले.

काठी जमिनीवर थांबली होती. ते कुणाकडे बघत नव्हते.

“बाबा, शेत काय,” भरत हसत म्हणाला, “समोर तर आहे.”

“तुला हाय समोर.”

भरतचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते काढून कुठे ठेवायचं त्याला कळेना.

“पऱ्यापातुर येतं मला,” मालोजी म्हणाले. “तिथनं पुढं वाट दिसते, पण आपली कुठची ते नाय समजत. मंग उभा राहतो. हा पुकारतो. मंग मी वळतो.” त्यांनी पहिल्यांदा चांगूकडे पाहिलं. “तुला काय वाटलं, मला कळलं नाय तू कशापायी वरडतोस?”

“मला वाटलं, गुपचूप चाललंय,” चांगू म्हणाला.

“गुपचूप? अरे रताळ्या, खालच्या कोंडाला ऐकू जातं!”

पहिल्यांदा हसली ती बयाबाई. हसता हसता तिने पदर तोंडात कोंबला आणि मग ते हसू नव्हतं. मालोजींनी तिच्याकडे न बघता काठी तिच्या बाजूला सरकवली, तिने ती उगीचच धरली. भरतने मोबाइल पालथा ठेवला, मग उचलून खिशात घातला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, बाहेर काढून त्यातलं ते चित्रीकरण पुसून टाकलं.

“मग मंगळवारी तू…” त्याने चांगूला विचारलं.

“हिला विचारायला जायचो. काय करायचं, काय नाय. नाव नाय घेतलं हां मी. म्हटलं, माझ्या वळखीचा एक माणूस हाय, त्याचं असं असं होतं. तिसऱ्या मंगळवारी ही रडायला लागली. तवा समजलं, वळखीचा माणूस हिच्या पण वळखीचा हाय.”

“काका, मी रडले नव्हते,” श्रुतिका म्हणाली. “सर्दी होती.”

“हां, सर्दी. सलीमा सिस्टरनं आत येऊन मलाच डाफरलं, पोरीला काय बोललात म्हणून.”

श्रुतिका उठून मालोजींसमोर उकिडवी बसली. तिने गालावरची राख पुसली. ती दुसऱ्या गालाला लागली. “बाबा, मंगळवारी महाडहून डॉक्टर येतात. त्यांना दाखवूया. पुष्कळदा रक्तात काहीतरी कमी असतं, थायरॉइड असतं, त्यानंही असं होतं. ते बरं होतं.” ती थांबली. राजनंदिनी श्वास रोखून बघत होती, ही पुढचं वाक्य बोलते की गिळते. “आणि कधी कधी ते नसतं. तेव्हा बरं होत नाही, पण सांभाळता येतं.”

बोलली. राजनंदिनीला ते वाक्य नीट बोलायला सात वर्षं लागली होती.

“मंग तूच बघ की,” मालोजी म्हणाले. “डॉक्टर कशाला?”

“मी लेक आहे. मी नाही बघायचं.”

“ही?”

“आत्याही नाही. बहीण आहे ती.”

मालोजींनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “मंग दोघी शिकल्यात कशाला गो एवढ्या?”

सगळ्यांनी फेण्या उचलायला घेतल्या, कारण दव पडलं असतं तर त्या मऊ पडल्या असत्या.

मंगळवारी दवाखान्यात राजनंदिनी उभी राहिली ती रांगेच्या या बाजूला. तिने दोन दिवस रजा वाढवली होती. भरतने मुंबईला खोटा ताप कळवला होता आणि तो बाहेर केसपेपर काढत होता. मालोजींनी पांढरा धुतलेला शर्ट घातला होता. लग्नाला निघाल्यासारखे ते ताठ होते, फक्त डावा हात त्यांनी चांगूच्या दंडावर ठेवला होता, जणू आधार चांगूलाच हवा होता.

“मालोजी उतेकर!” सलीमा सिस्टरने पुकारलं. “एकच माणूस बरोबर चालेल.”

श्रुतिका आणि राजनंदिनी एकदमच पुढे झाल्या.

“तुम्ही दोघी नाय,” मालोजी म्हणाले. “तुम्हाला सगळं समजतं. माझी परीक्षा चुकली तर तुमची तोंडं बघायला लागतील. चल रे चांगू.”

“नातेवाईक बाकड्यावर,” सलीमा म्हणाली. ती श्रुतिकाची मैत्रीण होती, म्हणून जरा जास्तच कडक आवाजात म्हणाली. “मॅडम, तुम्ही पण. प्लीज.” दार लागलं.

दोघी भिंतीकडच्या लाकडी बाकड्यावर बसल्या. दारामागच्या त्याच खोलीत श्रुतिका रोज आतल्या खुर्चीत बसे. बाकड्यावरून ते दार एवढं जाड दिसतं, हे तिला ठाऊक नव्हतं. राजनंदिनीने तर आयुष्यभर हजारो नातेवाइकांना सांगितलं होतं, काळजी करू नका, शांत बसा, आम्ही बोलावू. ती वाक्यं आता तिने एकेक करून स्वतःला लावून बघितली. एकही बसेना. बाकड्याची एक फळी मात्र सैल होती आणि नेमकी तिच्याखालीच होती.

“काय विचारत असतील आत्ता?” श्रुतिका कुजबुजली.

“तुला माहीत नाही?”

“माहीत आहे. आजचा वार कोणता. महिना कोणता. शंभरातून सात वजा करा.”

“दादाला लहानपणीपण शंभरातून सात जमत नसत. ते धरू नये.”

“आत्या, वाईट असलं तर?”

“मला बाहेर बसून बोलता येत नाही गं,” राजनंदिनी म्हणाली. “सवय नाही.”

बयाबाई बसलीच नव्हती. आजारी माणसांच्या बाकड्यावर आपण कशाला बसायचं, असं म्हणून ती पिशवी छातीशी धरून दाराजवळ उभी होती. तेवढ्यात आतून मालोजींचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, मोकळं, ओट्यावरचं. श्रुतिकाचा चेहरा उजळला.

“हसतायत! जमलं वाटतं डॉक्टरांशी.”

“हं,” राजनंदिनी म्हणाली. “मनमोकळं आहे. घाबरलेला माणूस असं हसत नाही.”

बयाबाईने दोघींकडे पाहिलं.

“उत्तर आलं नाय त्यांना,” ती म्हणाली. “उत्तर आलं नाय, की असेच हसतात.”

आत पुन्हा हसू झालं. बयाबाई बाकड्यापाशी आली.

“सरका गो जरा,” ती म्हणाली. “बसू दे मला पण.”